नाव घातलेलं झाकण

योहान ओहोळचा शिरूरमधी सत्कार झाला, तवा मी पहिल्या रांगेत बसलो व्हतो. चौकात भला मोठा फ्लेक्स लावला व्हता, ‘युद्धभूमीतून राजनैतिक अधिकाऱ्यास सुखरूप बाहेर काढणारे शिरूरचे सुपुत्र’. त्याच्यावर योहानचा फोटो बारका आन् पुढाऱ्यांचे मोठाले. शाल झाली, गुच्छ झाला, मग दोन शब्द बोला म्हणाले. योहान माईकपाशी गेला, खिशातला मोबाईल काढून बघितला, परत ठेवला आन् म्हणाला, “मी फक्त गाडी चालवली. माझ्यामागं जी माणसं यायची व्हती ती अजून आली न्हाईत.” एवढंच बोलून खाली येऊन बसला.

शेजारी पृथ्वीराज बसले व्हते, आमच्या भागातले सोसायटीचे चेअरमन. ते टाळ्या पिटत मला म्हणतात, “बघा मामा, किती साधा माणूस हाय.” माझं डोकं फिरलं. साधा कसला, त्या माणसाचं काळीज आतून करपत व्हतं आन् ह्यांना साधेपणा दिसत व्हता. पण मी तरी काय बोलणार, मीबी टाळ्या वाजवल्याच.

मी सावळाराम. मूळचा राहू गावचा, पण सगळी हयात दौंडला रेल्वेत पॉइंटमन म्हणून, रुळांचे सांधे बदलण्यात गेली. योहानचा बाप दानियल माझ्याच बरोबरीचा, आम्ही एका दिवशी नोकरीला लागलो. ही ओहोळ मंडळी शिरूरच्या जुन्या मिशनमधली. दानियलला दौंडच्या रेल्वे कॉलनीत क्वार्टर मिळालं आन् योहान तिथंच माझ्या डोळ्यांपुढं वाढला. मला मामा म्हणायचा. त्याची आई रूथबाई मला भाऊ मानायच्या, म्हणून मामा.

योहानला समजून घ्यायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक त्याच्या बापाची आन् एक आईची.

बापाची अशी, की मनमाडकडची लाईन तवा एकेरी व्हती. एकाच रुळावर दोन्हीकडनं गाड्या. मग त्या समोरासमोर येऊन धडकू नयेत म्हणून लोखंडाचा एक गोळा असायचा, मुठीत मावंल एवढा. दोन ठेसनांच्या मधल्या लाईनीचा एका वेळी एकच गोळा यंत्रातनं बाहेर निघणार. तो ज्या डायवरच्या हातात, त्याचीच गाडी त्या लाईनीवर. पुढच्या ठेसनावर डायवरनं गोळा द्यायचा, तो यंत्रात पडला की मगच दुसरी गाडी सुटणार. बास, एवढाच नियम, पण त्याच्यावर हजारो जीव चालायचे.

एकदा एक डायवर गोळा द्यायचा विसरून तसाच पुढं गेला. मागची सगळी लाईन बंद. दोन्हीकडं गाड्या उभ्या, लोक शिव्या देतायत, बायका पोरांना पाणी हुडकतायत. दानियलनं सायकल काढली आन् रुळाकडेच्या पायवाटेनं अकरा किलोमीटर जाऊन गोळा घेऊन आला. घरी आला तवा गुडघे फुटले व्हते. रूथबाई हळद लावत व्हत्या आन् दानियल योहानला सांगत व्हता, “त्या डायवरला वाटलं आपण पोचलो म्हंजी काम झालं. गोळा दिल्याबिगर पोचलो म्हणायचं न्हाई.” मी तिथंच चहा पीत बसलो व्हतो. योहाननं ते कानात साठवून ठेवलं.

आईची गोष्ट त्याहून साधी. रूथबाईंच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असायचं. भांड्याच्या दुकानात टिंबाटिंबांनी कोरून देतात तसं, ‘सौ. रूथ दानियल ओहोळ, दौंड’. नाव घातलेलं भांडं लोकाच्या घरी राहता कामा नये, हा त्यांचा कायदा. नाताळात कॉलनीभर करंज्या वाटायच्या, पण योहाननं डबा रिकामा करून तिथल्या तिथं परत आणायचा. विसरून आला तर उलट्या पावली परत. माझ्या घरनं त्यानं किती वेळा वाट्या नेल्या असतील, त्याला हिशोब न्हाई. आयाबायांचं असंच असतं, आपल्या घरातबी तेच.

पुढं योहान डायवर झाला. आधी पुण्याला कंपनीत, मग आखातात, आन् तिथनं आफ्रिकेतल्या एका देशात. देशाचं नाव मी घेत न्हाई, कुठं सांगणार न्हाई म्हणून त्यानं कागदावर सही दिलीय. तिथं एका युरोपातल्या देशाच्या वकिलातीत तो गाडीवर व्हता. चार वर्षं झाली व्हती. पगार बरा व्हता, हिकडं शिरूरला बायको शॅरन शाळेत शिकवत व्हती, सगळं सुरळीत चाललं व्हतं.

त्या वकिलातीच्या गेटवर मूसा नावाचा तिथलाच माणूस व्हता. योहानच्याच वयाचा. त्याची बायको हलीमा आन् पोरगी आमिना आवारातल्याच खोलीत राहायच्या. आमिना कॉलेजात शिकत व्हती, हिंदी पिक्चर बघून बघून तिला हिंदी यायची. योहाननं चपात्या केल्या की मूसाकडं जायच्या, मूसाकडचं कालवण योहानकडं यायचं, आन् डबा रोज परत यायचा. ती आईची खोड त्यानं तिकडंबी सोडली नव्हती. मूसा हसायचा, म्हणायचा, तुझा डबा माझ्या घरी रात्रभर राह्यला तर काय रडंल का?

मग तिथं लढाई पेटली. सरकारची फौज एकीकडं, बंडवाले दुसरीकडं. वकिलातीतले बाकीचे लोक पहिल्याच आठवड्यात निघून गेले. दोन नंबरचा सायब तेवढा मागं राहिला, कागदपत्रं निस्तरायला. साठीचा माणूस, गुडघे अधू. ते निस्तरंस्तोवर शहराचा विमानतळ बंद पडला. दुसरी धावपट्टी तिसाएक किलोमीटरवर, आन् त्या रस्त्याच्या अलीकडच्या नाक्यावर बंडवाले, पलीकडच्या नाक्यावर फौज. मधल्या वीस किलोमीटरमधी काय दिसंल त्याच्यावर दोघंबी गोळ्या झाडायचे.

तीन दिवस सायब फोनला चिकटून व्हता. दोन्हीकडचे मोठे लोक म्हणायचे, जाऊ द्या, आम्ही सांगितलंय. पण नाक्यावर बंदूक घेऊन जो उभा असतो त्याच्यापर्यंत ते सांगणं पोचतच नव्हतं. आदल्याच दिवशी एका डॉक्टरची गाडी अशीच परवानगी खिशात घेऊन गेली आन् मधीच जळाली. सायबानं हात टेकले.

तवा योहान म्हणाला, “सायब, ही एकेरी लाईन हाय. हिला गोळा पायजे.”

सायबाला काय कळतंय. पण मूसाला समजावलं तर त्याला बरोबर कळलं. दोन्ही नाक्यांना ओळखता येईल अशी एकच वस्तू पायजे, जिची नक्कल कुणाला करता येणार न्हाई. ती ज्या गाडीत, त्या गाडीवर कुणी गोळी झाडायची न्हाई. एका वेळी एकच गाडी. योहाननं आपल्या डब्याचं झाकण काढलं. आईच्या नावाचं. त्या देशात मराठी अक्षरं कोरणारा कोण भेटणार व्हता?

मूसा आन् योहान चालत अलीकडच्या नाक्यावर गेले. मूसानं त्यांच्या भाषेत तासभर डोकं लावलं. नाक्यावरच्या म्होरक्यानं झाकणाचा फोटो काढून घेतला. पलीकडं फोटो न्यायचं काम पाण्याच्या टँकरवाल्यानं केलं. पाणी दोघांनाबी लागायचं, म्हणून तो एकटा टँकर तेवढा रोज सकाळी पलीकडं जायचा आन् दुपारी परत यायचा. दुसऱ्या दिवशी टँकरवाला निरोप घेऊन आला, फौजेनंबी मान्य केलंय.

आता ठरलं ते असं. सकाळी योहान सायबाला घेऊन जाणार. सायबाच्या परवानगीच्या कागदावर दोनच नावं व्हती, म्हणून मूसाला त्या गाडीत घेता येत नव्हतं. पलीकडच्या नाक्यावर योहान झाकण देणार. दुपारी टँकरवाला ते अलीकडं आणून मूसाला देणार. मग मूसा बायको-पोरीला घेऊन वकिलातीच्या जुन्या गाडीतनं निघणार.

निघताना योहाननं मूसाला तीन वेळा बजावलं, “झाकण हातात आल्याबिगर गाडी हलवू नको. कुणी कितीबी सांगू दे, रस्ता मोकळा दिसू दे, हलवू नको.” मूसा म्हणाला, “तू देशील न्हवं, मग मी थांबीन.” हे मला योहाननं इतक्या वेळा सांगितलंय, की मूसाचा आवाज मी कधी न ऐकताबी मला पाठ झालाय.

गेले. अलीकडच्या नाक्यानं झाकण बघून सोडलं. योहाननं एका हातानं झाकण काचेला लावून धरलं आन् एका हातानं स्टेअरिंग. सायब मागं बसून पुटपुटत व्हता. वाटेत ती जळालेली गाडी लागली, तिला वळसा घालून पुढं. पलीकडं पोचले तवा एका जवानानं झाकण हातात घेतलं, मोबाईलमधला फोटो शेजारी धरला, टिंबं टिंबं जुळवून बघितली, आन् लायसन बघून परत द्यावं तसं योहानच्या हातात परत दिलं. त्याच वेळी मागं कुठंतरी मोठा धमाका झाला. जवान ओरडायला लागले, पळा, पळा.

डबा शेजारच्या सीटवर उघडाच व्हता, चपाती-भाजीचा. योहाननं झाकण त्याच्यावर ठेवलं, कडी लावली आन् गाडी दामटली.

हे त्यानं जाणून केलं न्हाई. हातानं केलं. चाळीस वर्षं त्या हाताला तेच वळण व्हतं, की नाव घातलेलं झाकण आलं की डब्यावर लावायचं आन् डबा घरी न्यायचा.

विमान वर गेल्यावर सायब म्हणाला, सकाळपासून काय खाल्लं न्हाई. योहाननं डबा मांडीवर घेतला, कडी काढली, आन् झाकण हातात आलं. त्यावर आईचं नाव. मला म्हणाला, “मामा, मी ओरडलो, पण आवाज बाहेर आला का न्हाई ते मला आजबी ठाऊक न्हाई.” सायबाला सांगितलं. सायबानं खाली उतरल्यावर दहा ठिकाणी फोन केले, पत्रं लिहिली. पण तवर दोन्ही नाके पुन्हा पेटले व्हते आन् त्या शहराचे फोन बंद पडले व्हते. पुढं सायबाची बदली झाली. दर नाताळाला त्याचं कार्ड येतं, तुमच्यामुळं मी जिवंत हाय म्हणून. शॅरन ते कार्ड योहानला दाखवत न्हाई, कपाटात टाकते.

परत आल्यावर योहान शिरूरला कंपनीच्या बसवर लागला, कामगारांची ने-आण. महिन्यातनं एखाद्या रविवारी चर्च उरकून निमोण्याच्या वाटेनं मोटरसायकलवर माझ्याकडं दौंडला यायचा. पहिल्यांदा आला तो डबा घेऊनच आला. सगळं सांगितलं आन् मला विचारलं, “मामा, गोळा पुढं नेला तर काय करायचं असतं?”

आता माझा स्वभाव कसा, तर आधी तोंड सुटतं आन् मग अक्कल येते. मी म्हणालो, “काय करायचं म्हंजी? दानियलनं काय केलं ते बघितलं न्हाईस का? तुझा बाप गुडघे फोडून गोळा आणायला गेला, आन् तू इमानात बसून आलास. मागची लाईन तू बंद केलीस, योहान.”

त्यानं डबा उचलला आन् गेला. दुसऱ्या दिवशी शॅरनचा फोन आला. एरवी ती माझ्याशी मान खाली घालून बोलते, पण त्या दिवशी म्हणाली, “मामा, त्यांना झोप नाही, जेवण नाही, बस चालवताना मोबाईल बघतात म्हणून कंपनीनं नोटीस दिलीये. तुमच्याकडं ते आधाराला आले होते. तुम्ही काय केलंत?” माझी मलाच लाज वाटली. बायको म्हाळसा तर दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई.

मग मी माझा सूर बदलला. पुढच्या खेपेला त्याला म्हणालो, “आरं, रेल्वेत गोळा हरवला तर लाईन काय जन्मभर बंद राहती व्हय? दोन्हीकडचे मास्तर बोलून घेतात, कागदावर लिहून गाडी सोडतात. तसं नाकेवाल्यांनीबी त्याला सोडलं असंल.” तो म्हणाला, “त्यांनी सोडलं असंल. पण मूसा गेला असंल का? मी त्याला सांगितलं व्हतं, हलवू नको.”

दीड वर्ष असं चाललं. रोज सकाळी बस काढायच्या आधी तो मूसाचा नंबर लावायचा. पलीकडनं एक बाई तिकडच्या भाषेत काहीतरी सांगायची, फोन बंद हाय असंच असणार. ती काय म्हणते ते योहानला तोंडपाठ झालं व्हतं. सत्कार झाला तो याच दिवसांत. तो फ्लेक्स फाटंस्तोवर योहान चौक टाळून गल्लीबोळातनं जायचा.

गेल्या महिन्यात, रविवारी दुपारी, तो माझ्या ओट्यावर बसला व्हता. म्हाळसानं भाकरी-पिठलं वाढलं व्हतं. पहिला घास घेतला आन् मोबाईल वाजला. अनोळखी नंबर, आवाजाचा निरोप. त्यानं लावला. एका पोरीचा आवाज, मोडकी हिंदी. आमिना.

मला हिंदी रेल्वेपुरती येते, पण तेवढं मला कळलं. ती म्हणत व्हती, योहान चाचा, हा तुमचाच नंबर हाय का? हिथल्या एका नर्सबाईनं वकिलातीत विचारून मिळवून दिला. मी आन् अम्मी शेजारच्या देशात छावणीत हाय. त्या दिवशी दुपारी टँकर आला, पण झाकण आलं न्हाई. टँकरवाल्याला कुणी काय दिलंच नव्हतं. नाक्यावरचा म्होरक्या म्हणाला, रस्ता शांत हाय, झाकण नको, जा तुम्ही. आमच्या डोळ्यांपुढं सहा गाड्या गेल्या. सगळ्या पोचल्या. अब्बांनी गाडी हलवली न्हाई.

योहाननं डोळे मिटले. मला वाटलं आता हा कोसळतो. मी त्याचा दंड धरला.

पोरगी पुढं बोलत व्हती. अम्मी अब्बांना म्हणाली, तो विसरला असंल. अब्बा म्हणाले, योहान डबा विसरत न्हाई. चार वर्षांत एक दिवस विसरला न्हाई. झाकण आलं न्हाई म्हंजी तो मधल्या रस्त्यात कुठंतरी पडलाय. संध्याकाळी रस्ता पुन्हा पेटला. मग आठ दिवस अब्बा नाक्यावर जाऊन एकच मागत व्हते, मला आत सोडा, माझा माणूस तिथं पडलाय, त्याला माती देऊन येतो. नवव्या दिवशी त्यांनी आम्हाला सरहद्दीकडं जाणाऱ्या ट्रकमधी बसवलं आन् पांढरं कापड काठीला बांधून ते चालत त्या रस्त्यावर गेले. तुम्हाला हुडकायला.

मग ती म्हणाली, नर्सबाईनं सांगितलं तुम्ही जिवंत हाय, म्हणून आम्हाला आनंद झाला. म्हंजी अब्बांना तुम्ही भेटला असाल. ते तुमच्याजवळ हायत का?

निरोप तिथं संपला. योहाननं तो पुन्हा लावला, पुन्हा ऐकला. दीड वर्ष आम्ही दोघं एकच धरून बसलो व्हतो, की मूसा झाकणाची वाट बघत थांबला असंल. तो झाकणासाठी थांबला नव्हता, योहानसाठी थांबला व्हता. विसरला असंल एवढा साधा विचार त्या माणसाच्या मनाला शिवला न्हाई, आन् आम्ही त्याला नाक्यावर उभा करून ठेवला व्हता.

म्हाळसा दारात डोळ्याला पदर लावून उभी व्हती. ती म्हणाली, “पोरगी वाट बघत असंल, काहीतरी सांग तिला.”

“काय सांगू, मामा?” योहाननं मला विचारलं.

मागं एकदा माझं तोंड सुटलं व्हतं, ते मला आठवलं. मी म्हणालो, “खरं हाय ते सांग. कमी न्हाई आन् जास्त न्हाई.”

त्यानं हात धुतला. मोटरसायकलच्या पिशवीतनं डबा आणून पुढ्यात ठेवला. तो डबा त्या दिवसापासून त्याच्याबरोबरच असायचा. झाकण काढून मांडीवर घेतलं, रूथबाईंच्या नावावरनं अंगठा फिरवला, आन् मोबाईल तोंडापाशी धरला.

“आमिना बेटा,” तो हिंदीत म्हणाला, “तुझे अब्बा माझ्याजवळ न्हाईत. झाकण माझ्याजवळ हाय.”